हळूच ओतू नकोस

नाही नाही, रडायचं काय त्यात — हा घे रुमाल, आणि हा मक्याचा ब्रेड खा आधी. मी नाही खाणार, माझा उपास आहे. सिनेमातला हा प्रसंग पार पडेपर्यंत नुसतं पाणी, असं देवाला बोलले आहे. तेव्हा ग्रेडी बाळा, तू जितका वेळ या बाकावर बसशील तितका वेळ एक बाई उपाशी राहील — गंमत केली रे! खा.

आणि चूक तुझी नाहीच मुळी, आमची. तू केचपची बाटली घेऊन माझ्यामागं उभा राहिलास, ती घाणेरडी शिवी तुझ्या तोंडून निघेना, बाटली तशीच हवेत राहिली — आणि आम्ही चौघीजणी स्टुलांवरून काय म्हणालो? ‘सावकाश, बाळा, सावकाश! देव आहे तुझ्या पाठीशी!’ अगं बाई, छळायला आलेल्या गोऱ्या गुंडाला आशीर्वाद! पण करणार काय, आमच्या चर्चमध्ये कुणी पोर गाताना अडखळलं, नवा उपदेशक घाबरला, की सगळे बाकांवरून असाच धीर देतात — जिभेला वळणच पडलंय. तीनदा झालं असं. तवाना डोकं धरून बसली. तुमची दिग्दर्शिका असेल, माझी भाचीच ती, कळतं मला. शूटिंगला हे दुकान तिला आजच्यापुरतंच मिळालंय. त्या तिघींच्या तोंडात आता मी पेपरमिंटच्या गोळ्या कोंबल्यात, चघळत बसतील. आणि सिनेमाला पैसा असता तर माझ्या जागी चोविशीची नटी नसती का? आई तेव्हा चोविशीची, मी आज अठ्ठावन्नची — म्हणून तर तवाना मला पाठमोरी दाखवते! पाठ तरुण आहे म्हणे माझी.

आई म्हणजे — ती आत खुर्चीवर बसलीये ना, जांभळ्या हॅटवाली, तीच. आल्मेता. हे तिच्याच बाबतीत घडलंय, याच काउंटरवर. तेव्हा आम्हा काळ्यांना या दुकानात साबण विकत मिळायचा, पण स्टुलावर बसून कॉफी नाही मिळायची. आई मुद्दाम जाऊन बसली. एका गोऱ्या पोरानं केचपची बाटली अख्खी डोक्यावर रिकामी केली तरी उठली नाही. मला कधी बोलली नाही रे! तवानाला सांगितलं, सिनेमासाठी. रोज तिचे केस मी विंचरते, तेल मी लावते, आणि मला — जाऊ दे. आमच्या घरात केचप कधी आलं नाही. मला वाटायचं, हिला आंबट सोसत नाही.

मघाशी तू तिसऱ्यांदा थांबलास ना, तेव्हा तिनं मला खुणेनं बोलावलं. वाटलं, म्हणेल आता पुरे, घरी चला. तर म्हणते कशी, ‘पोरगा गोड आहे गं. पण तो गोड नव्हता. इतक्या हळू ओतलं असतं तर मी वर कॉफी मागितली असती!’ हसलास? हास, पण ऐक. तू हळूच ओतलंस, तर बघणाऱ्यांना वाटेल, तिनं सोसलं तेही असंच हलकं होतं. मग ती आज हॅट घालून आली कशाला?

आणि खरं सांगू — मलाही बघायचंय. तिच्या जागी मी असते तर बसून राहिले असते का? चर्चमध्ये हात उंचावून गाणं सोपं आहे रे. उपास मी त्यासाठीच धरलाय, सिनेमा बरा व्हावा म्हणून नाही — तवानाला बोलू नकोस हं, तिला वाटतंय मावशी तिच्यासाठी उपाशी आहे.

झालं खाऊन? बघ, तोंडावर कसा रंग आला. हात पूस. ती शिवी एकदा इथं म्हणून बघ — नको, इथं नको. आतच, एकदम. आणि माफी मागायची नाही, आधी नाही, नंतरही नाही, आई बघतेय. आत मी तुझी कुणी नाही.

ऊठ.