शेवटचा चौकोन

संचिता : आणि ही शेवटच्या चौकोनातली मुलगी कोण?

सुशांत : तूच की. अगं, जाहिरातीचा स्टोरीबोर्ड असाच असतो, एकेका चौकोनात एकेक शॉट काढलेला. पहिल्यात तू दिवा स्टेशनजवळच्या तुमच्या गल्लीतून व्हीलचेअरवर येतेस. मग प्रॅक्टिस, घाम, आमचं एनर्जी ड्रिंक. मग गोळा फेकतेस, आणि शेवटी...

संचिता : शेवटी मी उभी आहे, सर.

सुशांत : करेक्ट. गोळा हातातून सुटतो आणि त्याच जोरात तू खुर्चीतून उठतेस. मागून आवाज, ‘जिद्द असेल तर उभं राहता येतं!’ ते आम्ही कॉम्प्युटरवर करणार, तुला काहीच त्रास नाही.

संचिता : चौदा वर्षं जिद्दच करतेय मी. पायांनी कुठे ऐकलं?

सुशांत : इतकं सरळ नको गं घेऊस. मॅचच्या मध्ये तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे, नाहीतर तो चॅनल बदलतो.

संचिता : आमचा नियम माहितीये तुम्हाला? फेकताना बूड सीटवरून उचललं की फाऊल. लाल झेंडा. अंतर मोजतसुद्धा नाहीत. म्हणून तर मांड्यांवरून हे पट्टे आवळतात. तुमच्या जाहिरातीत मी फाऊल करणार आणि मागे म्युझिक वाजणार. माझ्या सगळ्या मैत्रिणी फोन करून करून हसतील मला.

सुशांत : पण बाकीच्या लोकांना कुठे माहितीये हा नियम?

संचिता : मग तेच दाखवा ना त्यांना! बसून खेळायचा खेळ आहे हा, सर. मी काय उभं राहता येत नाही म्हणून टाइमपास करतेय का?

सुशांत : स्क्रिप्ट पास झालंय, संचिता. आणि मागच्या आठवड्यात कोलशेतला तुझ्या वडिलांच्या वर्कशॉपवर जाऊन मी हे सगळं दाखवून आलोय. ते खूश होते. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांच्या.

संचिता : कोणाच्या? अप्पांच्या? ओ अप्पा! तो पाना ठेवा खाली आणि इकडे या जरा.

शिवराम : फेकायची खुर्ची बांधतोय गं मैदानात, जमिनीला. एक पट्टा राहिलाय.

संचिता : राहू दे. हे चित्र तुम्ही बघितलेलं?

शिवराम : ...बघितलेलं.

संचिता : आणि मला बोलला नाहीत. नियम विसरलात?

शिवराम : विसरतोय कसा? ही खुर्ची माझ्या हातची आहे. सीटची उंची मी टेप लावून बसवलीय. हा धरायचा दांडा तीनदा कापून पुन्हा जोडलाय. झोपेतून उठवून विचार मला नियम.

संचिता : मग?

शिवराम : मला बघायची होतीस तू.

संचिता : काय?

शिवराम : उभी. टीव्हीवर का होईना, एकदा. पाय गेले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. पुढं किती उंच झाली असतीस, आईएवढी का माझ्याएवढी, ते मला कधी कळलंच नाय. हे सायेब म्हणाले, दाखवतो. मी हो म्हणून बसलो.

संचिता : अप्पा...

शिवराम : दिव्यात खोली घेतली तेव्हा जिन्याला रेलिंग नव्हतं. मी वेल्डर. अख्ख्या ठाण्यात लोकांच्या जिन्यांना रेलिंग जोडत फिरत होतो. म्हटलं, आपलं रविवारी लावू. तो रविवार यायच्या आधी तू पडलीस.

संचिता : ते आपलं बोलून झालंय. दरवर्षी बोलतो आपण.

शिवराम : तुझं झालंय.

संचिता : ऐका माझं. खूप राग आलाय मला, पण तुमचा नाही. पडल्यावर सगळे मला उचलायचे. जिन्यात उचल, रिक्षात उचल, लग्नात उचलून स्टेजवर ने. मला न विचारता. मग तुम्ही ही खुर्ची बनवलीत, चार बाजूंनी बांधलीत आणि मी दांडा धरून पहिला गोळा फेकला. दीड हात पण नव्हता गेला. पण त्या दिवशी मला कोणी उचलू शकत नव्हतं. ही माझी जागा आहे, अप्पा. तुम्ही दिलेली. आणि हे लोक मला नेमकं तिथूनच उठवतायत.

शिवराम : ...सायेब, तो चौकोन काढून टाका.

सुशांत : काका, माझ्या एकट्याच्या हातात नाहीये ते. ड्रिंक कंपनीच्या माया मॅडम ठरवतात. त्या नाही म्हणाल्या तर मला एखादी मॉडेल बसवून शूट करावं लागेल.

संचिता : बसवा. या खुर्चीत नाही बसायची पण ती.

सुशांत : कठीण आहेस गं तू. थांब, फोन करून येतो.

(पंधरा मिनिटांनी.)

सुशांत : हो म्हणाल्या नाहीत, पण नाही पण म्हणाल्या नाहीत. त्याच्याऐवजी काय आहे ते शूट करून पाठव, बघू, म्हणाल्या. बोल, काय आहे आपल्याकडे?

संचिता : झेंडा. फेक बरोबर असली की पंच पांढरा झेंडा वर करतात. गोळा पडला तरी मी गोळ्याकडे बघत नाही, झेंड्याकडे बघते. तेवढे दोन सेकंद दांडा घट्ट धरून ठेवते मी. अंगावर काटा पाहिजे ना तुम्हाला? तो घ्या.

सुशांत : हे आधी का नाही सांगितलंस?

संचिता : आधी विचारलंत कुठे?

सुशांत : हं. झेंडे आहेत का पण?

संचिता : अप्पांच्या पिशवीत. प्रॅक्टिसला लागतात.

सुशांत : मग काका, पंच तुम्हीच.

शिवराम : मी? बाप आहे मी तिचा.

संचिता : म्हणूनच सांगते, लाड नाही करायचे. उचललं गेलं तर लाल दाखवायचा.

शिवराम : कॅमेऱ्यासमोर?

संचिता : कॅमेऱ्यासमोरच.

सुशांत : चला, सगळे शांत! रोल! संचिता, तुला हवं तेव्हा फेक... वा! काय गेला! अगं, काय चेहरा होता तुझा! काका, झेंडा. नाही नाही, लाल नाही. पांढरा, काका, पांढरा!

शिवराम : लालच.

सुशांत : अहो, काय भारी दिसलं ते फ्रेममध्ये!

शिवराम : उठली ती. बोटभर. मी सीटकडंच बघत होतो.

संचिता : बरोबर आहे, सर. उठलेली मी.

सुशांत : ...कट करू नका रे कोणी. चालू राहू दे.

शिवराम : पट्टा सैल पडलाय, पोरी. नीट बस, आवळतो.