सरपंचावरचं गाणं

समुद्रपूरच्या स्टँडवर सरपंच आणि त्यांची लेक वर्षाली रीताच्या मागच्याच बाकावर बसले होते.

"बाबा, उद्या माह्या रॅपचा पहिला अल्बम निघून राह्यला. एक गाणं तुमच्यावर आहे."

"काऊन? म्या काय केलं?"

"नळाले पाणी नाई."

"टाकी बांधली, ते टाकलं का?"

"टाकलं. गळते, तेही टाकलं. तुमच्या नावानिशी. काढून टाकू?"

रीताची गिरडची बस लागली. तिनं ती जाऊ दिली.

"राहू दे. पंचायतीच्या भोंग्यावर मीच लावतो. दुसऱ्यानं लावलं तं बदनामी, मी लावलं तं दिलदारी!"

"आन् टाकी?"

"मिस्त्री आजच बोलावतो. गाणं वाजताना गळली तं लोक हसतीन."

"मंग माह्यं गाणं खोटं पडन नं, बाबा!"

"पडू दे."