मैयेच्या तीन लाटा

चिंतामणी : नववी! ही नववी लाट सुटली, बकुळे! सकाळपासून हात मारतोय आणि पदरात काय पडलं? नाकातोंडात गाळ! ही फळीच वाकडी आहे. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

बकुळा : फळी सागाची आहे, पंत. आबांनी तीस पावसाळे काढले तिच्यावर. तेव्हा नव्हती वाकडी.

चिंतामणी : मग नर्मदा मैयेचं माझ्याशी काही वाकडं असेल! तू सांगतेस तसाच त्या खडकाच्या शेंड्यापाशी थांबतो. फळीवर पालथा. तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. खांदे गळेस्तोवर हात मारतो. आणि लाट काय करते? उचलते, एक झोका देते, आणि टाकून मोकळी होते. मी काय ओंडका आहे?

रघुजी : ओंडका बरा, पंत. तो ओरडत नाही.

चिंतामणी : हसा, रघुजी, हसा! तुमचा खांदा निखळलाय, तुम्ही काठावर बसून खुशाल हसा. पण आज तिसऱ्या प्रहरी मामा येतायत. परगण्याचे कमाविसदार, बरोबर दोन कारकून. त्यांच्या देखत तेलाचा बुधला घेऊन बेटावरच्या महादेवाला पोचलो, तर ही नोकरी माझी. नाही तर परत देवासला, परत काकांच्या घरी शेवटची पंगत. वडील प्लेगात गेले तेव्हापासून आई आणि मी त्याच पंगतीला बसतोय. मामा कालच नालछ्याहून निघालेत आणि तुम्हाला ओंडके सुचतायत!

बकुळा : झालं बोलून? आता ऐका. लाट तुमच्याकडे येत नाही. कातळावरून पाणी पडतं, आणि त्याच्या खाली ती जागच्या जागी उभी असते. तुम्हीच वाहत तिच्याकडे जाता. ती पायांपाशी आली की तुमचा जोर पाण्याच्या जोराला पुरा पडला पाहिजे. मग तीच धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही. बेटाकडच्या हाताचा पंजा जरासा बुडवा, फळी तिरकी होते, आणि लाटेवरून आडवी सरकत जाते. थोरली सोडली की मधली, मधली सोडली की धाकटी. तीन धरल्या की बेट.

चिंतामणी : हे मला रामरक्षेसारखं पाठ झालंय! आठ दिवस हेच ऐकतोय. दोर नीट धर. पुन्हा जातो.

(चिंतामणी फळी घेऊन पाण्यात शिरतो. त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक बकुळेच्या हातात. काठावर बाप-लेक दोघंच.)

रघुजी : बकुळे, ते पाय बघ.

बकुळा : कुणाचे?

रघुजी : इथं किती जणांचे पाय दिसून राहिले तुला? पंतांचे. लाट जवळ आली की दोन्ही पाय गुडघ्यात मोडून वर, आभाळाकडे. बघ... बघ... गेली. दहावी. अगं, पाय मारल्याशिवाय जोर कुठून येणार? केवटांची चार वर्षांची पोरं मारतात. तू सांगितलं नाहीस?

बकुळा : नाही.

रघुजी : ध्यानात नाही आलं?

बकुळा : पहिल्याच दिवशी आलं.

रघुजी : आणि आठ दिवस मूग गिळून बसलीस?

बकुळा : बसले! का बसू नये? तुमचा खांदा गेल्यापासून तेल कोण नेतंय, आबा? दोन पावसाळे. पूर आला की होड्या बंद. तिकडे बेटावर गोसावी पिठाची वाट बघतोय, नंदादीप तेलाची वाट बघतोय. मी गेले. पहाटे, घाटावर माणूस यायच्या आत. एक दिवस तरी दिवा विझला? विचारा गोसाव्याला! आणि हे नवे कमाविसदार आले, कुणी त्यांच्या कानाशी लागलं, तर म्हणतात काय? विधवेच्या हातचं तेल देवाला चालत नाही! दोन वर्षं चाललं की! देवानं तक्रार केली नाही, ह्यांनी केली.

रघुजी : हळू बोल.

बकुळा : हळू का? चोरी केलीय मी? माझं काम काढून भाच्याला द्यायचं ते द्यायचं, वर हुकूम की त्याला शिकवायचंही मीच. माझ्याच हातानं माझं पान उचलून त्याच्यापुढे मांडायचं! हुकूम लिहिताना जराही लाज वाटली नसेल?

रघुजी : मला जळत नाही असं वाटतं तुला? बाप आहे मी. हुकूम वाचला त्या दिवशी भाकर गेली नाही घशाखाली. पण आता डोकं ठिकाणावर ठेवून ऐक. आत्ता त्यांच्या कमरेला दोर आहे. तिसऱ्या प्रहरी मामापुढं दोर बांधून जाईल का तो? नाही जायचा. आणि मामा बघून राहिले म्हणून परतही नाही फिरायचा. थोरलीवर पाय वर धरील, लाट सुटेल, आणि खाली भोवरा आहे. वरून पाणी वाढून राहिलं ते तुला दिसतं.

बकुळा : तो बुडावा असं मला कधी वाटलं नाही. तो नापास व्हावा, एवढंच वाटत होतं.

रघुजी : इथं ते दोन्ही एकच आहे, पोरी. ओढ दोर.

चिंतामणी : ...दहावी! आता मात्र हद्द झाली! मी मामांना स्पष्ट सांगणार, की मला नीट शिकवलंच गेलं नाही.

बकुळा : सांगा. पण आधी मला सांगा, लाट आली की पाय वर का घेता?

चिंतामणी : कोण, मी?... तुला काय करायचंय त्याच्याशी!

बकुळा : पंत, सांगा.

चिंतामणी : अगं, मी पालथा, लाट मागे. म्हणजे पाय कुणाकडे झाले? घाटावर उतरताना मी आधी पाणी डोक्याला लावतो, मैयेची क्षमा मागतो, मग पाऊल टाकतो. आमच्या घरी नर्मदेच्या दिशेला कुणी पाय करून निजत नाही. आणि तिला लाथा मारू? नोकरीसाठी?

रघुजी : अरे देवा! म्हणून होय!

बकुळा : आठ दिवस फळीला बोललात, खडकाला बोललात, मला बोललात. हे एकदा तोंडातून काढलं असतंत तर?

चिंतामणी : तू एकदा तरी विचारलंस?

बकुळा : ...नाही विचारलं. आता विचारते. आईच्या पोटात होतात तेव्हा पाय मारले होते की नाही?

चिंतामणी : हा काय प्रश्न झाला! आई सांगते, फार मारायचो. झोपू द्यायचो नाही तिला.

बकुळा : मग तिनं काय केलं? रागावली? पोर पाय मारतंय म्हणजे पोर जिवंत आहे, म्हणून बरंच वाटलं असेल तिला. ही पण आईच आहे ना? मग मारा पाय. नुसते हलवू नका, कमरेपासून मारा. तीन श्वास, लाट धरेपर्यंत. नंतर ती बघून घेते.

चिंतामणी : आणि पाप लागलं तर?

बकुळा : मी सांगितलं म्हणून मारले म्हणा. माझ्या नावावर टाका. तिथं तरी माझं नाव लागू दे.

रघुजी : जा, पंत. ...बघ, उतरला. हात जोडतोय. अरे, पुरे की! ...फिरला. वर तोंड केलं. ...मारतोय! बकुळे, पाय मारतोय! धरली! थोरली धरली, रे भाऊ! खाली नाही जाऊन राहिला, बघ, लाटेनं धरलाय त्याला!

बकुळा : पंजा! पंजा बुडवा, पंत! ...सरकला.

रघुजी : दोर सोड! मधलीपर्यंत पुरायचा नाही. सोड!

बकुळा : सोडला.

रघुजी : मधली... धरली. धाकटी... अरे, लागला की बेटाला! गोसावी धावत आला बघ. काय बोलून राहिले एवढं? ...ये म्हणावं लवकर, पाणी वाढतंय. ...हां, निघाला. पाय मारतोय तर असा, की आता थांबायचं नाव नाही.

बकुळा : उगीच जोर वाया घालवतायत. हळू, पंत! ...या. द्या हात.

चिंतामणी : दोन वर्षं?

बकुळा : काय दोन वर्षं?

चिंतामणी : गोसाव्यानं मला बघून पहिला प्रश्न काय केला, ठाऊक आहे? बकुळा बेटी बीमार है क्या? म्हणाला, दो चौमासे से वही लाती है. मला मामा म्हणाले, रघुजी आजारी पडला, जागा रिकामी आहे. रिकामी! मला वाटलं, तू पोरांबरोबर खेळता खेळता शिकली असशील. मामांना ठाऊक होतं?

रघुजी : हव, पंत. सगळं ठाऊक होतं.

चिंतामणी : आणि तुला माझे पाय ठाऊक होते.

बकुळा : होते. मुद्दाम नाही सांगितले. शिव्या द्यायच्या तर द्या.

चिंतामणी : कोणत्या तोंडानं देऊ? तुझ्या जागी मी असतो तर फळीच जाळली असती! ...असं करू. नाव माझं राहू दे, तेल तू ने. मामांना काय कळणार?

बकुळा : नाही. दोन वर्षं आबांच्या नावानं गेले, ते माझे बाप आहेत म्हणून. आता आणखी कुणाच्या नावानं मी पाण्यात पाय घालणार नाही. जायचं तर तुम्ही जा. येतं तुम्हाला आता.

रघुजी : दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. कमाविसदारच असणार. पंत, उपरणं नीट करा.

चिंतामणी : उपरण्याला काय झालंय! बकुळाबाई, ही फळी घ्या. तुम्ही जा.

रघुजी : आणि तुमची नोकरी?

चिंतामणी : माझी कुठली? आईला मी सांगेन. रडेल, मला बोलेल. मामाही बोलतील, चार लोकांत बोलतील, मग मीही बोलेन. पण आधी त्यांना इथं उभं करून बघायला लावतो. त्यांनी मान वळवली, तर वळवतील तिकडे जाऊन उभा राहीन.

रघुजी : ते नाही म्हणतील, पंत. मी माणूस ओळखतो.

बकुळा : म्हणू दे. त्यांचं बोलून होईपर्यंत मी बेटावर असेन. आबा, बुधल्याची गाठ जरा आवळा.