मशीन बंद समजून

भोंगा: रेकॉर्डरचं बटण दाबलं होतं गं ताई, आईशपथ दाबलं होतं!

ताई: दाबलंस हे दिसतंय. किती वेळा दाबलंस ते सांग.

भोंगा: एकदा मुलाखत सुरू करताना, एकदा संपल्यावर. तूच शिकवलंस ना, एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद.

ताई: आणि त्याआधी? आवाज नीट येतोय का ते तपासायला?

भोंगा: तेव्हा एकदा दाबलं. सिस्टर कपबश्या मांडत होत्या.

ताई: मग ते बंद केलंस?

भोंगा: अगं बाई गं.

ताई: म्हणजे मशीन आधीपासूनच चालू होतं. मुलाखत सुरू झाली तेव्हा तू ते बंद केलंस आणि संपल्यावर चालू केलंस. आपल्याकडे तीन मिनिटं कपबश्या आहेत आणि शेवटी अकरा मिनिटं कसलीतरी आहेत. मधला पाऊण तास गायब.

भोंगा: मेले मी. सव्वाचार वाजलेत, पाचला वस्तीच्या रेडिओवर माझा पहिला कार्यक्रम. सहा आठवडे तू कॉलेज सांभाळून इथे येतेस, माझ्यासारख्या धोंड्याशी डोकं फोडतेस, आणि मी तुझ्या नावाला बट्टा लावला.

ताई: माझं नाव आमच्या पत्रकारितेच्या वर्गातही कोणाला धड माहीत नाही, बट्टा लागणार कुठे? बस. पाणी पी. पहिल्या वर्षाला मी नगराध्यक्षांची मुलाखत अशीच उलटी रेकॉर्ड केली होती. हाती काय आलं, तर वीस मिनिटं खुर्चीचं करकरणं.

भोंगा: मग काय केलंस?

ताई: रडले. मग परत गेले. आज परत जाण्याइतका वेळ नाही.

भोंगा: आईने शेजारच्या चार बायकांना बोलावून ठेवलंय. जन्मात पहिल्यांदा कामावरून लवकर सुट्टी मागितली तिने. दवाखान्याचं अंगण झाडून झालं की थेट घरी. म्हणाली, तुझा भोंगा घरात ऐकून कान किटले, आता रेडिओवर ऐकते.

ताई: त्याच दवाखान्यात ना, जिथे या सिस्टर होत्या?

भोंगा: तोच तर. तीस वर्षं अख्ख्या वस्तीतल्या पोरांना त्यांनी लस टोचली. मलाही. म्हणून तर त्यांना गाठलं. पण खरं सांगू का, मुलाखत अगदी मिळमिळीत झाली. मी विचारलं, तुम्हाला कोणाचे आभार मानावेसे वाटतात? तर डॉक्टरांची यादीच वाचली, पदांसकट.

ताई: आणि ही शेवटची अकरा मिनिटं?

भोंगा: काही नसेल त्यात. मी बटण दाबलं, मशीन टेबलावरच विसरले आणि निघाले. पार कोपऱ्यावर पोचल्यावर आठवलं, तशी धापा टाकत तीन जिने परत वर. तोवर बॅटरीही संपली होती.

ताई: लाव बघू.

(रेकॉर्डरमधून)

यजमान: गेली का पोर? तोंडाचा पट्टा भलताच जोरात आहे हं.

सिस्टर: आईवर नाही गेली. कोणाची लेक आहे माहीत आहे का? आमच्या दवाखान्यातल्या मावशींची.

यजमान: कोण मावशी?

सिस्टर: अंगण झाडतात त्या. अहो, तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही मी. पूर्वी त्या आत होत्या, माझ्याच खोलीत. एकदा लसीकरणाच्या दिवशी बाहेर चाळीस बाळांची रांग. मी सुई भरून घेतली आणि या बाईने सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं. म्हणाली, सिस्टर, नका टोचू. फ्रिजखाली पाणी साचलेलं मी आत्ता पुसलंय. फ्रिज रात्रभर बंद होता.

यजमान: मग?

सिस्टर: मग काय, माझं डोकं फिरलं. लादी पुसणारी बाई मला शिकवणार! नाही नाही ते बोलले. तिथेच डॉक्टरांना बोलावून तक्रार केली, हिने माझ्या अंगावर हात टाकला म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला आतून काढलं आणि अंगणात घातलं. आणि फ्रिज खरंच बंद होता हो. आदल्या संध्याकाळी पंखा लावायला म्हणून प्लग मीच काढला होता. ती खराब लस दिली असती, तर चाळीस घरं निर्धास्त झाली असती आणि पोरांना तिचा उपयोग शून्य. मी गुपचूप बाटल्या टाकून दिल्या आणि सांगितलं, आज लस आली नाही. बारा वर्षं झाली. मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी ती झाडू बाजूला धरून मला वाट द्यायची. ‘या सिस्टर’ म्हणायची. आज तिची लेक मला विचारते, कोणाचे आभार मानाल? आणि मी बसले डॉक्टरांची नावं घेत.

ताई: पुरे, बंद कर. भोंग्या, बोल काहीतरी.

भोंगा: आई सांगायची, मला मोकळ्या हवेत बरं वाटतं, म्हणून मीच अंगणाचं काम मागून घेतलं.

ताई: तुला यातलं काहीच माहीत नव्हतं?

भोंगा: एक अक्षर नाही. ताई, हेच लावायचं. पाच वाजता. काही न कापता.

ताई: नाही.

भोंगा: माझ्या आईचं आहे ते!

ताई: आईबद्दलचं आहे. त्या आपल्या नवऱ्याशी बोलत होत्या, मशीन बंद समजून. न विचारता लावलंस तर उद्यापासून वस्तीत कोणी तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही.

भोंगा: बारा वर्षं माझी आई उन्हात झाडतेय आणि मी इथे सभ्यपणा दाखवू?

ताई: चीड माझ्यावर, हवं तेवढं चीड. पण आधी त्यांना फोन लाव.

भोंगा: आणि नाही म्हणाल्या तर?

ताई: तर पाच वाजता माइकवर सांगायचं, माझ्या चुकीने मुलाखत रेकॉर्ड झाली नाही. मी शेजारी बसेन.

(फोनवर)

सिस्टर: हॅलो, कोण बोलतंय?

भोंगा: सिस्टर, मी. काल आले होते ती.

सिस्टर: मोठ्याने बोल की. काल तर भिंती हलवत होतीस.

भोंगा: सिस्टर, माझ्याकडून चूक झालीय. बटण उलटं दाबलं गेलं. तुमची मुलाखत रेकॉर्डच झाली नाही. मी गेल्यानंतरचं झालं. तुमचं आणि काकांचं बोलणं.

सिस्टर: सगळं?

भोंगा: सगळं. प्लगसकट.

सिस्टर: कोणी कोणी ऐकलं?

भोंगा: मी आणि आमच्या ताईने.

सिस्टर: आईने?

भोंगा: नाही. सिस्टर, ते लावू का?

सिस्टर: लावायचं नाही. पुसून टाक.

भोंगा: बरं. पुसते. ठेवते फोन.

सिस्टर: थांब. पुढचं ऐकून घ्यायची पद्धत नाही का तुमच्यात? ते मी नवऱ्याला सांगितलं, घरात बसून, दार लावून. तिच्यापर्यंत ते असं चोरून जायला नको. तुमच्या रेडिओवर फोनवरून थेट बोलता येतं का?

भोंगा: येतं का गं ताई? येतं! येतं सिस्टर!

सिस्टर: मग पाचला फोन कर. आणि मी अडखळले तरी मध्ये तोंड घालायचं नाही.

भोंगा: सगळी वस्ती ऐकेल, सिस्टर.

सिस्टर: तक्रारही मी सगळ्यांसमोरच केली होती.

ताई: भोंग्या, डोळे पूस. वीस मिनिटं आहेत, सुरुवातीची चार वाक्यं लिहून काढ.

भोंगा: ताई, तू नसतीस ना, तर मी लावून मोकळी झाले असते. आणि आयुष्यभर तोंड लपवलं असतं. तुझे किती आभार मानू?

ताई: माझे कसले? हे सगळं मी वर्गात वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले. प्रत्यक्षात कोणाला नाही म्हणणं मात्र आज पहिल्यांदाच जमलं. ते तुझ्यामुळे शिकले. चल, लिही.

(पाच वाजून गेल्यावर, कार्यक्रमात)

भोंगा: मंडळी, तुम्ही ऐकताय आपल्या वस्तीचा रेडिओ, आणि गेली दहा मिनिटं आपल्याशी बोलतायत आपल्या सिस्टर. सिस्टर, फोनवर आहात ना?

सिस्टर: आहे. फ्रिजचं, तक्रारीचं, सगळं सांगून झालं. आता एवढंच. मावशी, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यासाठी बोलतेय. त्या दिवशीची बाळं आता दांडगी पोरं झालीयत. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात मला. दर वेळी मनात येतं, हा नमस्कार मावशींचा आहे. तुमचे फार उपकार आहेत. आणि मी वागले त्याची माफी मागते. फार उशीर केला मी.

ताई: दुसऱ्या लाइनवर फोन आहे. घे, घे लवकर.

भोंगा: हॅलो, आपण कार्यक्रमात सहभागी झाला आहात. आपलं नाव सांगाल का?

आई: घ्या! आता आईला नाव विचारा.

भोंगा: आई!

आई: रडू नकोस, बाया बसल्यात इथे. तुझ्या ताई आहेत का तिथे? त्यांना माझा नमस्कार सांग. बोलणं तर तू पाळण्यातूनच शिकून आलेलीस. सिस्टर एवढं बोलल्या आणि तू एकदाही मध्ये तोंड घातलं नाहीस, ही त्यांचीच करामत.

ताई: अहो मावशी, आज मीच तिच्याकडून शिकले.

आई: सिस्टर आहेत ना अजून?

सिस्टर: आहे, मावशी.

आई: माफी कसली मागता? तुम्ही ओरडलात ते सगळ्यांनी ऐकलं. पण ओरडता ओरडता तुम्ही सुई खाली ठेवलीत. मी तेवढंच बघत होते.