कडेची जागा

मंडळी, आधी मला एक सांगा — देवाच्या घरात माणसाची जागा ठरलेली असावी का? माझी जागा, माझा कोपरा, माझा खांब — हे देवाला चालतं का?

राहू द्या, बोलू नका! मला इथून सगळं दिसतंय! पुढची सतरंजी मोकळी, आणि मागे भिंतीला टेकायला नुसती चेंगराचेंगरी! अहो, लग्नात पहिल्या पंगतीसाठी कोपरानं वाट काढता, आणि प्रभूच्या दारी शेवटच्या पंगतीसाठी भांडता? आणि ते दाराशेजारचे काका — हो, तुम्हीच! दर कीर्तनाला एक पाय आत, एक पाय बाहेर. हसू नका, तुमचीही पाळी येणार आहे!

तर ऐका. नगरकडे बेलखेड नावाचं गाव. गावात छोटंसं देऊळ — आपलंच, ख्रिस्ती मंडळीचं. वर पत्रा, मध्ये वाट. वाटेच्या उजव्या अंगाला पुरुष, डाव्या अंगाला बाया. आणि बायांच्या दुसऱ्या बाकावर, अगदी कडेला, वाटेलगत — तबीथाबाई! एकदा बसली की बसली. आत सरकणं तिला ठाऊकच नव्हतं. बाक पलीकडे सगळं रिकामं असलं तरी बाई कडेला! ज्याला आत जायचंय त्यानं तिचे गुडघे ओलांडून जावं!

दर खेपेला कोण ओलांडायचं? सगुणाबाई. हिची जागा तबीथाबाईच्या पलीकडे, खिडकीशी. म्हणजे दर रविवारी लुगडं सावरत, तोल सांभाळत, ही परीक्षा!

"तबीथे, जरा सरकशील का?"

"जा की गं. वाट हाय."

"वाट कुठं? तुझं गुडघं हायेत!"

मग पाय तुडवला जायचा, मग 'आई गं' व्हायचं, आणि मग दोघी शेजारी बसून गाणार — शेजाऱ्यावर प्रीती करा! वा रे प्रीती! सगुणाबाई मनात म्हणायची, 'प्रभू, एक रविवार, फक्त एक रविवार ही बाई येऊ नये.'

मंडळी, मागताना जपून मागा! एका रविवारी सगुणाबाई आत आली, बघते तर काय — कडेची जागा रिकामी!

बसली की लगेच! पाय लांब केले. दारातून वारा येतोय, उपदेश करणारे पाळकसाहेब समोर दिसतायत. "अगं बाई, हे सुख होय! म्हणून सरकत नव्हती!" पहिलं गीत तिनं असं गायलं, असं गायलं, की पेटीवाला दचकला!

पण दुसऱ्या गीताला आवाज बसला. तिची नजर गेली देवाच्या मेजावर. तिथला पेला रिकामा होता. तबीथाबाई दर रविवारी गोठ्यामागच्या वाफ्यातली शेवंती तोडून त्या पेल्यात ठेवायची. आज फूल नाही!

तिनं मागे वळून विचारलं, "तबीथा कुठंय गं?"

"गेली असंल लेकीकडं."

लेकीकडे? रविवारी? नवऱ्याला माती दिली, त्यानंतरच्या रविवारी ही बाई डोळे सुजवून इथंच बसली होती. तापानं फणफणली तेव्हाही घोंगडी पांघरून इथंच. ती घरी राहणारी नव्हे!

इकडे पाळकसाहेब उभे राहिले. वचन कुठलं? हरवलेलं मेंढरू! "मेंढपाळानं नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडली, आणि—"

"पाळकसाहेब, थांबा!"

सगळं देऊळ गपकन वळलं. बाईमाणूस! भर उपासनेत! फिलमोनतात्या, मंडळीतले वडीलधारे, लाल झाले. "सगुणाबाई, खाली बसा! उपदेश चाललाय!"

"कशी बसू? ही जागा तिची हाय! तात्या, एक मेंढरू आलं न्हाई!"

मंडळी, त्या पाळकाला माझा सलाम! त्यानं बायबल मिटलं आणि म्हणाला, "वाचून झालं. आता चला."

आणि निघालं सगळं देऊळ! म्हणा माझ्याबरोबर —

हरवल्याला शोधी धनी।
नाव घेऊनी रानोरानी॥

तबीथाबाईच्या घराला कुलूप नाही, आत माणूस नाही. मागे गेले, तर — जुन्या गोठ्याची भिंत बसली होती. वर तुळई, तिच्यावर पत्रे, खाली मातीचा ढीग. ढिगाच्या कडेला शेवंतीची चार फुलं.

"तबीथाबाई! ओ तबीथाबाई!" हाका मारल्या. हूं नाही की चूं नाही. फिलमोनतात्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

सगुणाबाई पुढे झाली. गुडघे टेकले, मातीला तोंड लावलं, आणि असेल नसेल तो जीव एकवटून ओरडली —

"तबीथे! ए तबीथे! मी तुझ्या जागेवर बसले बघ!"

आणि मंडळी, ढिगाखालून, खोल, बारीक आवाज आला —

"ऊठ... तिथनं!"

हालेलूया! बोला, प्रभूचा जयजयकार असो! अरे मोठ्यानं! ती मातीखालून बोलली, तुम्हाला सतरंजीवरून बोलता येईना?

मग काय विचारता! उजवे नाही, डावे नाही! तात्या बायांच्या मध्ये, बाया पाळकाच्या खांद्याला खांदा लावून — तुळईला हात घातला! "प्रभूचं नाव घ्या! उचला!" हलली! "अजून!" उठली! आणि तबीथाबाई बाहेर — पाय मोडलेला, अंग धुळीनं माखलेलं, पण जिवंत! सगुणाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडली.

पुढे तबीथाबाई पायाला प्लास्टर घालून देवळात आली. सगुणाबाईला बघितलं आणि, ऐका हं, आत सरकली! "ये, आता तू बस कडेला."

सगुणाबाई म्हणाली, "मुकाट्यानं जाग्यावर ये! तू तिथं बसत होतीस म्हणून मला कळलं. उद्या कुठंबी बसलीस, तर तुला हुडकायचं कसं?"

आणि प्लास्टर ओलांडून, लुगडं सावरत, ती खिडकीशी गेली. त्या दिवशी दोघी काय गायल्या म्हणता! पत्रा हादरला!

तर जागा ठरलेली असावी का? असावी की! खुशाल धरा तुमचा खांब, तुमचा कोपरा! पण शेजारच्याची जागा त्याच्याहून घट्ट धरा!

पेटीवाले, थांबा, सूर नका लावू. मंडळी, आता उजवीकडे बघा. डावीकडे बघा. या खांबाशी नेहमी एक म्हातारबाबा बसतात, मी मागल्या खेपेला पाहिलेत. आज खांब मोकळा आहे! कोणाला ठाऊक आहे ते का आले नाहीत? ... कोणालाच नाही?

मग माझं आख्यान इथंच संपलं. उठा! घर कोणाला माहीत आहे? तुम्ही — दाराशेजारचे काका! तुमचा एक पाय आधीच बाहेर आहे. तुम्ही पुढे व्हा, आम्ही गात गात मागे येतो!