टेपखालचे ठिपके

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, तबल्याच्या वादीपासून गिटारच्या तारेपर्यंत सगळं अख्ख्या लातूरला पुरवणारे आदरणीय धोंडप्पा अण्णा. व्यासपीठावर विराजमान प्राचार्य महोदय. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोत ते आमचे गुरुवर्य रेणुकादास सर. पुढची खुर्ची सोडून मागच्या रांगेत जाऊन बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या इंदूकाकू. एका क्लासवरून मुलं उचलून दुसऱ्या क्लासला सोडता सोडता इथं थांबलेले पालक. आणि उद्या सकाळी फिजिक्सचा पेपर आहे हे विसरलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो. मी विसरलेलो नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी व्यंकट. मूळचा मुखेडकडचा. अकरावीला लातूरला आलो तो इथलाच झालो. दिवसा फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळी सरांच्या गिटार क्लासात त्यांच्या हाताखाली शिकवतो. सर आता नांदेडला मुलाकडे चाललेत आणि क्लास माझ्या स्वाधीन करून राहिलेत. हा माझा सन्मान आहे की माझी फजिती, ते अजून मला कळलेलं नाही.

फजिती अशी की पालकांनी एक प्रश्न विचारलाय आणि अण्णा म्हणाले, "भाषणातच सांगून टाक, एकदाचं मिटंल." प्रश्न टेपचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या लांब मानेवर घरं असतात, आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या घरात एकेक पांढरा ठिपका असतो. आपण कुठं आहोत ते वाजवणाऱ्याला कळावं म्हणून. मानेच्या वरच्या काठावरही बारके ठिपके असतात. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की सर त्याची गिटार मांडीवर घेतात आणि वायरीला लावायची काळी टेप कापून एकेक ठिपका झाकून टाकतात. आईबाप बघत राहतात. नवीकोरी गिटार, आणि तिला पट्ट्या!

तर ही टेप राहणार की निघणार? आणि दुसरी अडचण याहून मोठी. आपल्या हातातल्या पत्रिकेवर सगळ्यात खाली 'सरांचे गिटारवादन' असं छापलंय. आज सकाळी सर मला म्हणाले, "छापलं ते छापलं. मी वाजवणार नाही." मी काय करू? शेवटच्या दिवशी सर न वाजवता गेले, तर आम्ही इतकी वर्षं काय केलं इथं? असो. प्राचार्य महोदय घड्याळाकडे बघताहेत. मी मुद्द्यावर येतो. मुद्दा सापडला की.

टेप कशी आली, ते आधी सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सर नांदेडहून मदतीला म्हणून औसा तालुक्यात आले होते. येताना गिटार आणली होती. कुणीतरी म्हणालंही म्हणे, की इथं माणसांना पांघरूण नाही आणि तुम्ही हे काय आणलंत? सर ओशाळले. पण पत्र्याच्या शेडमध्ये दिवस बुडाला की दिवा नसायचा आणि लेकरं छताखाली यायला तयार नसायची. तेव्हा सर आत बसून वाजवायचे, म्हणजे लेकरं आवाजाला आत येतील. आणि अंधारात ठिपके कुठले दिसायला? पहिल्या दिवशी सरांचा हात सारखा चुकत होता. एक मुलगी दारातूनच म्हणाली, "काका, तुमाला बी भ्या वाटून राहिलं का?" सर सांगतात, "त्यानंतर मी ठरवलं, हाताला रस्ता माहीत पाहिजे, डोळ्याला नको."

हे ऐकल्यावर टेपच्या विरुद्ध बोलायची कुणाची छाती होणार? माझी तर नाहीच.

वर आमच्या गॅदरिंगचा पुरावा आहे. टेप लावलेल्या गिटारी स्टेजवर बऱ्या दिसत नाहीत, म्हणून अण्णांनी मोठ्या मायेनं दुकानातल्या नव्या काळ्याकुळकुळीत गिटारी दिल्या. अण्णा, मी तक्रार करत नाही. पण त्यातल्या निम्म्या गिटारींवर कारखानदारानं चौथा ठिपका नवव्या घराऐवजी दहाव्या घरात बसवला होता! असंही करतात काही जण. पोरं एरवी न बघता व्यवस्थित वाजवायची. त्या दिवशी समोर ठिपके चमकले, नजर खाली गेली आणि नजरेच्या मागं हात गेला. निम्मी पोरं एका सुरात, निम्मी त्याच्या शेजारच्या. सरांनी डोळे मिटून घेतले. प्रमुख पाहुणे मात्र उठून म्हणाले, "फ्युजन फार छान झालं." आम्ही आभार मानले. दुसरं काय करणार?

म्हणजे ठिपके वाईट. बरोबर? मीही तेच समजत होतो. मग किनवटची ऋतुजा आली.

ऋतुजा, कुठं आहेस? हं, बस, बस. ही मुलगी होस्टेलवर राहून सीईटीचा अभ्यास करते. टेप लावली की हिचं बोट भलत्याच घरात पडायचं. महिनाभर पुढं सरकेना, मग यायचीच बंद झाली. परत आली ती टेप काढून, आणि छान वाजवायला लागली. सर रागावले. तर ही सरांना म्हणते, "सर, येष्टीची पाटी वाचली म्हंजी मला गावाचा रस्ता येत न्हाई असं हाय का?" सर म्हणाले, "पाटीच वाचत बसलीस तर गाव मागं जाईल." आता यात कोण बरोबर? मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि दोन्हीकडे मान हलवत होतो.

आणि खरं सांगू का? दिवसभर मी वर्गात काय करतो? "या ओळीखाली रेघ मारा, यावर प्रश्न येतो." सगळं लातूर पोरांना खुणा करून शिकवतंय. पालक त्यासाठीच शेतं सोडून इथं खोल्या घेऊन राहिलेत. आणि तेच पोरगं संध्याकाळी आलं की मीच त्याला सांगायचं, खुणेकडं बघू नको? त्यानं माझं दिवसा ऐकायचं की संध्याकाळी? पोरं हुशार आहेत, विचारत नाहीत. पण मला रात्रंदिवस ते खातंय.

तरीही मी काल ठरवून टाकलं होतं. टेप राहील. सरांची आठवण म्हणून तरी राहील. आणि आज सकाळी सरांना घ्यायला घरी गेलो.

आता जे सांगतोय ते काकूंनी सांग म्हणून सांगितलंय. सर, माझ्याकडं असं बघू नका, काकूंकडं बघा.

मागच्या दिवाळीनंतर सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. डाव्या हाताची बोटंही हलतात. पण बोटांना लागत नाही. तार दाबली की नाही, कुठल्या घरात दाबली, बोट काही सांगतच नाही. सकाळी मी गेलो तेव्हा सर खिडकीशी बसून, मान खाली घालून वाजवत होते. मी सरांना कधी खाली बघून वाजवताना पाहिलेलं नव्हतं. जवळ गेलो. गिटारच्या मानेच्या काठावर, काळ्या टेपवर, टिकल्या लावलेल्या होत्या. कपाळाला लावायच्या, मरून रंगाच्या, अगदी बारक्या.

मी फिजिक्सचा माणूस, आधी घरं मोजली. तिसरं? रिकामं. पाचवं? रिकामं. टिकल्या भलत्याच ठिकाणी. मी काकूंना म्हणालो, "काकू, ह्या चुकीच्या घरात लागल्यात." काकू म्हणाल्या, "मला कुठं कळतात तुमची घरं? यांचं बोट जिथं जिथं चुकतं ना, तिथं तिथं लावलीय, म्हणजे तिथं आले की बघून जपतील. ऐकू तर येतं मला."

सर म्हणाले, "बघितलंस? आता पोरांसमोर कुठल्या तोंडानं बसू? सगळ्यांच्या गिटारींना टेप लावली मी."

सर, मी रिक्षा आलीय एवढंच बोललो. ठिपके मदत करतात की घात करतात, ते मला सकाळपेक्षाही कमी कळतंय. अंधारातली ती लेकरं आठवली की टेप बरोबर वाटते. ऋतुजाकडं बघितलं की चूक वाटते. आणि काकूंच्या टिकल्या बघितल्यापासून वाटून राहिलंय, की कारखान्यातला ठिपका सगळ्यांसाठी एकच असतो, म्हणून आमची भांडणं. कुणीतरी शेजारी बसून ऐकलं पाहिजे. पालकहो, उद्या संध्याकाळी क्लासात या. टेपचं प्रत्येक पोराला वाजवायला लावून, ऐकून, मग ज्याचं त्याला सांगेन. याला तुम्ही निर्णय म्हणत नसाल, तर माझी हरकत नाही.

सर, तुम्हाला सोडून हा कार्यक्रम संपवायचा मला धीर नाही. मला तुमच्या बोटांचं लई वाईट वाटतंय, आणि तुम्ही आमच्यापुढं लाजावं याचं त्याहून जास्त वाटतंय. टिकल्या काठावर आहेत, खालून कुणाला दिसायच्याही नाहीत. पण तुम्ही लपवून वाजवणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

अध्यक्ष महोदयांनी मला आवरलं नाही, प्राचार्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, आपण सगळ्यांनी हा गोंधळ मुकाट ऐकून घेतला, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर आपलाच पोरगा समजून पोटात घाला.

काकू उठल्यात. गिटार काकूंनी सोबतच आणलीय. द्या, काकूंना वाट द्या.

काय म्हणालात, सर? माइकवर ऐकू गेलं नाही, मी सांगतो सगळ्यांना. सर विचारतात, "चुकलो तर?"

चुकलात, तर काकू आणखी एक टिकली लावतील, सर.

अण्णा, माइक जरा खाली घ्या. सर येऊन राहिलेत.