वेशीचा चंदेरी रंग

आमच्या शिरीषच्या अंगात आर्किटेक्ट नव्यानं संचारला होता ना, तेव्हाची गंमत. सायखेड्याकडच्या एका गावात जुनी दगडी वेस होती, तिची एक बाजू ढासळलेली. शिरीषनं तिथं दगड न रचता जाड लोखंडी पत्रे उभे केले आणि मुद्दाम गंजू दिले. म्हणे, "जुनं कुठलं, नवं कुठलं, हे लोकांना कळलं पाहिजे." मी म्हटलं, "अरे, तुझं नवंच जास्त जुनं दिसतंय!"

त्याचं ते पहिलंच काम. ते दाखवायला त्यानं पुण्याहून कॉलेजच्या सरांना बोलावलं. आम्ही वेशीपाशी उतरलो, तर पत्रे चंदेरी रंगानं नुसते चकाकत होते!

सरपंचबाई हसत पुढं आल्या. "पाहुणे येणार, आन् गंजकं लोखंड बरं दिसतं का? कालच रंगवून घेतलं. लय घाई झाली बघा."

शिरीषचा चेहरा पांढराफटक. सर मात्र मागं सरून वेशीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काळ्या दगडाशेजारी हा रंग! धाडस आहे. कसं सुचलं?"

शिरीष लगेच पुढं झाला. "गावकऱ्यांशी सविस्तर चर्चा करून ठरवला, सर."